कुजणे, सडणे आणि आमचे दृष्टांत



गेल्या माघात शेजारच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. आता गुडघे साथ देत नाहीत. दोन तास उभे राहणे माझ्याने होत नाही, म्हणून चार वर्षांपासून मी वीणा दुसऱ्यांच्या गळ्यात पाहतो आणि समोर सतरंजीवर बसतो. जन्मभर जे गादीवर उभे राहिले, त्यांनी म्हातारपणी काही दिवस सतरंजीवर बसावे. तिथून पुष्कळ दिसते.

पाचव्या दिवशीचे कीर्तनकार वयाने तरुण होते. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, टाळकऱ्यांना सांभाळून घेण्याची हातोटीही चांगली. अभंग वैराग्यपर होता. पहिली दोन चरणे त्यांनी फार सुंदर सोडवली, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कोणाला वाटेल की म्हाताऱ्याला नव्या पोरांचे काहीच गोड लागत नाही. तसे नाही. तिसऱ्या चरणाला देहाचा दृष्टांत निघाला. बाप मेला आणि तीन दिवस घरात ठेवला तर काय होईल, लेक नाकाला रुमाल कसा लावील, सून माहेरी कशी पळेल, हे त्यांनी हातवारे करून रंगवले. मंडप हसून लोटपोट झाला. मग जिवंत माणसाच्या म्हातारपणाकडे वळले. लाळ, खोकला, अंथरुण. पुन्हा हशा. माझ्या डाव्या हाताला बायकांची बाजू होती. पहिल्याच रांगेत एक आजीबाई बसल्या होत्या. सगळे हसत होते तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला होता, आणि त्या हसत होत्या की नाही हे मला कळले नाही. शेवटी बुवांनी सिद्धांत मांडला: जे कुजते ते खोटे, जे कुजत नाही ते खरे. विठ्ठल विठ्ठल.

हे वाक्य मी घरी घेऊन आलो, आणि ते मला झोपू देईना. कारण हे वाक्य त्या तरुण बुवांचे नव्हे. ते माझे आहे. मी ते पस्तीस वर्षे सांगितले आहे. हाच बाप, हीच सून, हाच नाकाचा रुमाल. माझ्या तोंडून ते कोणी ऐकले असेल, त्याच्या तोंडून आणखी कोणी, असे करत ते या मुलापर्यंत आले असावे. तेव्हा ही टीका दुसऱ्यावर करतो आहे असे वाचकांनी समजू नये.

चाळीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सीनेकाठच्या एका बागायती गावात माझे कीर्तन होते. रात्री हाच दृष्टांत झाला आणि छान रंगला. सकाळी एका शेतकऱ्याने वस्तीवर चहाला नेले. साठीचा गडी, पंढरीची वारी कधी न चुकलेला, शाळा मात्र न पाहिलेला. चहा झाल्यावर मला गोठ्यामागे खताच्या खड्ड्याकडे घेऊन गेला. थंडीचे दिवस होते, खड्ड्यावरून वाफ निघत होती. त्यात एक पहार उभी खुपसलेली होती. ती त्याने उपसली आणि म्हणाला, "म्हाराज, हात लावा." लावला तो झटकन मागे घेतला. चहाच्या पातेल्याला हात लागावा तशी पहार तापली होती. खाली विस्तव नाही, वर ऊन नाही.

मग शेजारच्या जुन्या खड्ड्यातले ओंजळभर खत त्याने माझ्या नाकाशी धरले. मी मान मागे नेली. तो हसला. "घ्या की वास." घेतला. काळेभोर, भुसभुशीत, हाताला चिकटेना. आणि वास वळिवाच्या पहिल्या सरीचा.

"रातच्याला तुमी म्हनला, कुजतंय ते वंगाळ. मंग ह्ये काय हाय? ह्यात शेन हाय, पाचट हाय, मेलेलं कोंबडं बी हाय एक. समदं कुजलंय, म्हनून वास न्हाई. सडलं असतं तर तुमी हितं उभं ऱ्हायला नसता. कुजनं येगळं, सडनं येगळं, म्हाराज."

मी त्या वेळी काहीतरी शास्त्रार्थ सांगून वेळ मारून नेली. दृष्टांत तसाच चालू ठेवला. लोक हसत होते ना.

आता सवड आहे, म्हणून त्या गड्याच्या बोलण्यावर विचार करतो. आपल्या मायबोलीत वस्तू बिघडण्याला किती शब्द आहेत पाहा. दूध नासते. वरण विटते. पीठ आंबते. भाकरी बुरसते. खोबरे खवट होते. जोंधळा किडतो. चाळीतला कांदा सडतो. पालापाचोळा कुजतो. लोणचे मुरते. एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर घरातली पोरसुद्धा हसेल. लोणचे सडले म्हटले तर बरणी उकिरड्यावर जाईल, आणि मुरले म्हटले तर ताटात येईल. दोन्हींत कैरी बदललीच आहे, दोन्हींत डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी तिला हात लावला आहे. मीठ किती, तेल किती, ओला चमचा गेला की नाही, एवढ्यावर निकाल लागला. बायकांनी आणि शेतकऱ्यांनी हे भेद शतकानुशतके जपले. आम्ही कीर्तनकारांनी मात्र सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटले आणि वर "नाशवंत" असा शिक्का मारला. शब्दाचा अर्थ सोडवून सांगणे हा ज्यांचा धंदा, त्यांनीच शब्दांची ही नासाडी करावी, यासारखी लाज नाही.

गंमत अशी की सप्ताहाची सांगता आपण ज्या प्रसादाने करतो, तो काला घ्या. लाह्या आहेत, दही आहे, लोणचे आहे. दही म्हणजे विरजलेले दूध, लोणचे म्हणजे मुरलेले फळ. दूध जसेच्या तसे राहावे असा हट्ट असता तर काला झालाच नसता. सात दिवस नाशवंताची निंदा करायची आणि आठव्या दिवशी दोन्ही हात पुढे करून दही मागायचे. चांगल्या जुन्या कीर्तनकाराला आपण "मुरलेला" म्हणतो, तो शब्द याच बरणीतून आला आहे.

कुजणे म्हणजे काय होते, हे मी नंतर समजून घेतले. शेतकी खात्याच्या एका निवृत्त माणसाने मला पुष्कळ सांगितले, काही मी वाचले. झाडापाल्यात कर्ब असतो आणि नत्र असते. वाळलेल्या काडात कर्ब फार, एका भागाला ऐंशी-शंभर भाग. ताज्या शेणात तो वीसेक भागांवर येतो. दोन्ही मिसळून एकास पंचवीस-तीस असे जमले आणि ओल व हवा असली की सूक्ष्म जीव कामाला लागतात. त्यांच्या श्वासाची ऊब साठत जाऊन ढीग तापतो, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो. त्या तापात तणाचे बी मरते, रोगराई मरते. शेतकऱ्याची पहार त्यानेच तापली होती. मग ढीग निवतो, बुरशी येते, गांडुळे येतात, आणि शेवटी कशाचे काय झाले हे ओळखू येत नाही अशी काळी माती हाती लागते. चमचाभर जिवंत मातीत सूक्ष्म जीवांची संख्या अब्जाच्या घरात जाते म्हणतात. मातीला पावसात जो वास येतो, तोही त्यांच्यातल्याच एका जातीचा.

आणि सडणे? तोच माल, तेच शेण. पण दाबून भरला, पाणी तुंबले, वारा कोंडला. मग हवेवाचून जगणारे दुसरे जीव तिथे वाढतात. त्यांच्या कामातून नासक्या अंड्याची दुर्गंधी निघते, दलदलीतला जळणारा वायू निघतो. म्हणजे दुर्गंधी ही त्या मालाची जात नव्हे, कोंडलेल्या वाऱ्याची ती खूण आहे. शेतकरी ढीग वरखाली करून पालट घालतो, तो यासाठी.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते असे आपल्याकडे म्हणतात. शेतकरी एवढा थांबत नाही, चार महिन्यांत फिरवतो. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते. त्यांनी तिथे ढीग लावण्याची पद्धत बसवली आणि यशवंत वाड यांच्यासह 1931 साली त्यावर पुस्तक काढले. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून गेली. पण मला अधिक जवळचे वाटतात ते पुसदचे नारायणराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला नाडेप म्हणतात, ते खताचे टाके त्यांचेच. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांचे. भिंतीत मधून मधून वीट सोडून भोके ठेवायची, की वारा खेळता राहतो. शेण जेमतेम शंभर किलो, पालापाचोळा चौदाशे किलोच्या आसपास, बाकी माती आणि पाणी. थर देऊन भरायचे, वरून शेणामातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत. शेण थोडे आणि खत फार, हे गरिबाच्या दारचे गणित त्यांनी सोडवले. नाव पांढरीपांडे आणि काम विटेचे! आम्हा कीर्तनकारांना एवढे पुरते, पण हा दृष्टांत मी कोणाच्या कीर्तनात ऐकला नाही, आणि स्वतःही कधी सांगितला नाही.

आता मूळ ग्रंथाकडे येऊ. तरुण बुवा म्हणतील, देहाचे दोष पाहा असे गीतेने तेराव्या अध्यायात सांगितलेच आहे. जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दुःख आणि दोष पाहणे हे ज्ञानाचे लक्षण म्हणून भगवंतांनी मोजले आहे, आणि माउलींनी त्यावर म्हातारपणाचे असे वर्णन केले आहे की वाचणाऱ्याचा थरकाप व्हावा. बरोबर आहे. मीही याच आधारावर उभा होतो. पण तो भाग पुन्हा उघडून पाहा. तिथे कोण कोणाकडे पाहतो आहे? ज्ञानी पुरुष ऐन तारुण्यात आपल्याच देहाकडे पाहतो, उद्या माझे असे होणार आहे म्हणतो, आणि आज साधनेला लागतो. दुसऱ्याच्या म्हातारपणाकडे बोट दाखवून हसण्याची जागा तिथे नाही. आम्ही आरशाची खिडकी केली आणि शेजाऱ्याच्या घरात डोकावलो.

त्याच वर्णनात म्हाताऱ्याच्या डोळ्यांना माउलींनी पिकल्या पडवळाची उपमा दिली आहे. पन्नास वर्षे मी ती सांगत आलो आणि पन्नास वर्षे मला ती फक्त किळसवाणी वाटली. लाल, लिबलिबीत, गळणारे पडवळ. माउलींचा हेतू तिथे वैराग्याचाच आहे, त्यात मी भलता अर्थ घुसडणार नाही. पण उपमा कुठली निवडली ते पाहा. ती मांडवावरची, घराच्या परड्यातली आहे, आणि शब्द पिकण्याचा आहे, सडण्याचा नाही. वेलावर एखादे पडवळ बाई मुद्दाम पिकू देते, कारण पुढच्या सालाचे बी त्यात असते. कोवळ्या पडवळाची भाजी होते, बी होत नाही. माउलींच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. पण ज्यांनी परडे पाहिले होते त्या श्रोत्यांच्या मनात ते आल्यावाचून राहिले नसेल. आमच्या श्रोत्यांना पडवळ बाजारात दिसते, आणि आम्हाला तर पोथीतच.

तैत्तिरीय उपनिषदात अन्नाला ब्रह्म म्हटले आहे. अन्नापासून भूते होतात, अन्नाने जगतात आणि शेवटी अन्नातच जातात, असा तिथला भाव. तिसऱ्या अध्यायात गीतेने सांगितलेले चक्र तेच. पाऊस, अन्न, भूत, यज्ञ. कुजणे या चक्रातला अर्धा फेरा आहे. तो काढला तर चाक फिरणार कशावर? आरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला हे आपण सांगतो. ती भाजी ज्या खतावर आली त्या खताला हात लावून पाहिला असे कोणी सांगत नाही. सावतोबांनी पंढरीला न जाता मळा राखला, म्हणजे काय केले? शेण ओढले, पाला गाडला, पाणी दिले. यालाच आपण भक्ती म्हणतो ना? जनाबाईंच्या गोवऱ्यांची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे, गोवरी कानाला लावली की नाम ऐकू येई. शेतकी खात्यातल्या त्या गृहस्थांना ही कथा सांगितली, तर ते म्हणाले, "बुवा, कथा छान आहे, पण शेण जाळू नका, खड्ड्यात घाला." मी म्हटले, जनाबाईंना चूल होती, तुम्हाला गॅस आहे.

एक गोष्ट याहून गंभीर आहे. कुजण्याला घाण म्हणायचे आणि घाणीला पाप म्हणायचे, याचा परिणाम कोणाला भोगावा लागला? गावातले मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांना. चोखोबाराय त्याच घरात जन्मले. ढोर मेले तर गावाला ते उचलून हवे होते, आणि उचलणारा मात्र वेशीबाहेर. मंगळवेढ्याला कूस बांधताना ती कोसळली, चोखोबा तिच्याखाली गेले, आणि परंपरा सांगते की नामदेवराय तिथे गेले तेव्हा देह ओळखता येण्यासारखे उरले नव्हते. हाडांच्या राशीतून ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे त्यांनी वेचली आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. आज आपण नामदेव पायरीशी जाताना ती समाधी ओलांडत नाही, तिच्यापुढे वाकतो. कुजण्याविषयी आपल्या संप्रदायात सांगण्यासारखा याहून मोठा प्रसंग नाही. नामदेवरायांनी नाकाला रुमाल लावला नव्हता. एकेक हाड उचलून कानाशी नेले होते. हा प्रसंग आम्ही सांगतो, डोळे पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बापाच्या प्रेताचा विनोद करतो. दोन्ही एकाच तोंडाने कसे निभावते, हे मला माझ्याविषयीसुद्धा सांगता येत नाही.

इथे घरची गोष्ट लिहावी की नाही याचा फार विचार केला. लिहितो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळींना अर्धांगवायूचा झटका आला. आठ महिने त्या अंथरुणावर होत्या. दर दोन तासांनी कूस बदला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही बदलतही होतो, पण रात्री डोळा लागे. दुसऱ्या महिन्यात माकडहाडापाशी जखम झाली, ती आत आत गेली, कडा काळ्या पडल्या आणि तिला वास येऊ लागला. धुण्याचे काम सूनबाई करी. मी खोलीत कापूर जाळी आणि बाहेर येऊन माळ ओढत बसे. माळेचे मणी सरत होते, पण माझे कान खोलीकडे असत. एका संध्याकाळी मी कापूर घेऊन आत गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलणे जड झाले होते, पण शब्द कळत होते. म्हणाल्या, "कीर्तनात सांगायचात, ते हेच ना?"

चाळीस वर्षे त्या माझ्या कीर्तनाला पुढे बसत आल्या होत्या. तो दृष्टांत त्यांनी किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही. मला उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून जखम मी धुऊ लागलो. पहिले दोन दिवस पोट ढवळून आले, हे खोटे कशाला बोलू. नंतर येईनासे झाले. डॉक्टर मेलेले मांस थोडे थोडे काढत. ते म्हणत, हे निघाल्याशिवाय खालचे जिवंत मांस वर येणार नाही. तीन आठवड्यांनी तळाशी लाल दाणेदार मांस दिसू लागले, जोंधळ्याच्या कणसात दाणा भरावा तसे. मी सूनबाईला हाक मारून दाखवले. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. त्या देहात एका बाजूला सडणे चालले होते, त्याच बोटभर जागेत दुसऱ्या बाजूला भरणे चालले होते. मी ज्याला घाणीचे गाठोडे म्हणत आलो, त्याच्यात एवढी समज होती. जखम पुष्कळशी भरली. मंडळी त्यानंतर चार महिन्यांनी, कार्तिकात गेल्या. पुढच्या कीर्तनाला उभा राहिलो, तेव्हा तो दृष्टांत ओठांवर आला आणि मी गिळला. त्या रात्री कीर्तन पडले. लोक म्हणाले, बुवांना दुःख आहे.

आता दुसरी बाजू. जे कुजत नाही ते खरे, हे वाक्य आजच्या काळात फार धोक्याचे झाले आहे, आणि हे मात्र माझ्या तरुणपणी नव्हते. तेव्हा पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसे. पत्रावळ उकिरड्यावर गेली की पावसाळ्यात तिची माती. आता वारीच्या वाटेवर चकचकीत ताटल्या, थर्माकोलच्या वाट्या, पाण्याच्या बाटल्या. पालखी पुढे जाते आणि शेतकऱ्याच्या बांधावर हे सारे न कुजता राहते. वर्षानुवर्षे राहते, फार तर तुकडे होतात, तुकड्यांचे तुकडे होतात आणि गुरांच्या पोटात जातात. अविनाशी म्हणायचे काय त्याला? न कुजणे आणि अमर असणे या दोन गोष्टी आहेत, आणि हा भेद कीर्तनात सांगितला पाहिजे. हारांचा दोरासुद्धा आता सुताचा राहिला नाही. निर्माल्याचा ढीग उकरला तर फुले गेलेली असतात आणि दोऱ्याचे जाळे तसेच शिल्लक असते.

आणि जे कुजण्याजोगे आहे ते आपण नेमके जिथे कुजू नये तिथे टाकतो. फुले, तुळशी, नैवेद्य, सगळे नदीत. वाहत्या पाण्यात सगळे शुद्ध होते ही आपली समजूत. पाणी कुजवते ते स्वतःजवळच्या प्राणवायूवर, आणि तो त्याच्याजवळ असतो किती? उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम. भार वाढला की तो संपतो, मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि मग पाण्यात कुजणे थांबून सडणे सुरू होते. इंद्रायणीची आणि चंद्रभागेची दैना एकट्या निर्माल्याने झाली असे मी म्हणत नाही. मैला आणि कारखान्यांचे पाणी यांचा वाटा फार मोठा आहे, इंद्रायणीवरचा फेस फुलांचा नव्हे. पण ज्यांच्यावर आपण बोट दाखवतो त्यांच्याच प्रवाहात आपली परडी रिकामी करून मग बोट दाखवणे शोभत नाही.

याहून वाईट मला एक गोष्ट वाटते. जुन्या, जीर्ण पोथ्या लोक नदीत सोडतात. एकदा आळंदीच्या घाटावर एका गृहस्थांना मी अडवले. पिशवीत गाथा होती, पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा मुलामा. ते म्हणाले, "महाराज, तुकोबारायांची गाथा तरली होती ना इथेच?" इथेच नव्हे, देहूला, असे मी म्हटले, पण त्याने काय होणार. तेरा दिवस तुकोबाराय अन्नपाणी सोडून शिळेवर बसले होते, ही अर्धी गोष्ट ते विसरले होते. आणि विसरले ते आमच्यामुळे. आम्ही चमत्कार घोळवून सांगतो आणि धरणे दोन वाक्यांत उरकतो.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. हा क्रम नीट पाहावा. रात्रीचे त्यांचे बोलणे कडक असे, घाणीवर ते तुटून पडत, पण हातात खराटा होता म्हणून ते ऐकून घेतले गेले. आम्ही नुसता रात्रीचा भाग उचलला. 1956 साली बाबा गेले. खराटा कोणी उचलला तर पुष्कळांनी उचलला, वारीत आता तरुण मुले गोळा करताना दिसतात, आणि त्यांत माळकरी किती हे मी मोजत बसत नाही.

तो तरुण बुवा कीर्तन संपल्यावर माझ्या पाया पडायला आला होता. मी त्या रात्री काही बोललो नाही. परवा भेटला तेव्हा बोललो. तो रागावला नाही. म्हणाला, "बाबा, हसवले नाही तर माणसे उठून जातात." यात खोटे काही नाही, मीही याच भीतीने ते चालू ठेवले होते. मी त्याला एवढेच विचारले, तुझी आजी कुठे आहे? म्हणाला, घरीच, झोपून असते. मग तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला.

आमच्या गावच्या देवळामागे आम्ही टाके बांधले आहे. पांढरीपांडेंच्या बेताचे, पण लहान, सहा फुटांचे. पंचांपैकी एकांची हरकत होती की निर्माल्य पायदळी येईल. म्हणून भोवती कुंपण घातले, आणि खत तुळशीवृंदावनाला आणि फुलझाडांनाच घालायचे असे ठरले. तरी ते गृहस्थ आपल्या घरचे निर्माल्य अजून ओढ्यालाच सोडतात. आमचा वाद मिटलेला नाही, आणि काकड्याला आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो. दोरे वेगळे काढायचे काम माझ्याकडे आहे. बसून करता येते.

पहिले टाके चैत्रात उघडले. झेंडू, शेवंती, बेल, केळीची पाने, कशाचाच मागमूस नव्हता. तुळशीच्या माळांच्या काड्या मात्र तशाच निघाल्या, थोड्या काळ्या पडलेल्या, पण कडक. त्या मी वेचून बाजूला ठेवल्या आहेत. शेणकाला करून पुन्हा वरच्या थरात घालणार आहे.